तेच खाणं, तोच आकांत: ऑटिस्टिक मुलाच्या खाण्याच्या ओढीमागचं कारण कसं शोधायचं

खाऊ मिळाला नाही म्हणून मूल चिडलं, की आधीच काहीतरी बिनसलेलं होतं म्हणून ते खाऊ मागत होतं? ऑटिस्टिक मुलांच्या आईबापांनी सगळ्यात आधी या प्रश्नाचा छडा लावावा, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक घरांत पहिलंच उत्तर गृहीत धरलं जातं. बिस्किटं दिली नाहीत, आकांत झाला, म्हणजे दोष बिस्किटांचा नाहीतर हट्टाचा. मग बिस्किटं बंद होतात, रोज संध्याकाळी घरात रडारड होते आणि मूळ कारण जिथल्या तिथेच राहतं.

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. मोजके शब्द बोलतो, बाकीचं चित्रांच्या कार्डांवरून दाखवतो. त्याच्या खाण्याच्या तऱ्हा सांभाळताना जे उमगलं आणि डॉक्टर, आहारतज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्याकडून जे शिकले, ते इथे लिहिते आहे. ज्या मुलाला "माझं पोट दुखतंय" किंवा "त्या आवाजाने मला त्रास झाला" असं सांगता येत नाही, त्याची तक्रार बरेचदा खाण्याच्या मागणीतून बाहेर पडते. म्हणून ती मागणी दाबण्याआधी तिचा माग काढायचा.

आधी वही, मग उपाय

एक साधी वही घ्या आणि घरातल्या सगळ्यांच्या हाताशी येईल अशा जागी ठेवा, कारण दुपारी मूल आजीकडे असतं, रात्री बाबांकडे, आणि नोंदी अर्ध्या राहिल्या तर त्यातून काहीच कळत नाही. निदान दोन आठवडे रोज लिहा. किती वाजता काय मागितलं, त्याआधीच्या दोन-तीन तासांत काय घडलं, मिळाल्यावर काय झालं, न मिळाल्यावर काय झालं. याशिवाय दिवसातून एकदा: रात्रीची झोप कशी झाली, शी झाली का आणि कशी झाली, कोणतं औषध किती वाजता दिलं, पाणी पोटात किती गेलं.

लिहिताना आपलं मत लिहू नका, डोळ्यांना दिसलं तेवढं लिहा. "आज फार त्रास दिला" या नोंदीचा पुढे काही उपयोग होत नाही. आमच्या वहीतली एक नोंद अशी आहे: "सव्वाचार. वेफर्सच्या कपाटापुढे उभा. दार तळहाताने बडवतोय. शर्टाची कॉलर चावून छातीपर्यंत ओली. शाळेत आज कार्यक्रमाची तालीम होती, लाउडस्पीकर लावले होते." अशा नोंदी साठत गेल्या तेव्हा लक्षात आलं, की कॉलर ओली असलेले दिवस आणि वेफर्ससाठी आकांत झालेले दिवस एकच आहेत. कॉलर तो बसमध्ये बसल्यापासूनच चावत असे, म्हणजे घरचं कपाट नजरेला पडण्याच्या कितीतरी आधी. सुट्टीच्या दिवशी तेच कपाट, तेच वेफर्स, पण तिकडे ढुंकूनही बघायचा नाही. आवाजाने हैराण झालेल्या शरीराला दातांखाली काहीतरी कडक हवं होतं, आणि घरात सगळ्यात कडक वस्तू वेफर्सच होते.

हे कळल्यावर पुढचं काम सोपं झालं. बसमधून उतरल्याबरोबर हातात चावायची रबरी नळी, घरी पोचल्यावर आधी अंधाऱ्या खोलीत थोडा वेळ, मग खाणं. वेफर्स बंद केले नाहीत, पण त्यांच्यासाठी होणारा आकांत ओसरला.

जिभेला हवंय की जबड्याला?

अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली निदानाची जी नवी नियमावली काढली, त्या डीएसएम-५ मध्ये संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हा ऑटिझमच्या लक्षणांत पहिल्यांदा अधिकृतपणे आला. आईबापांना ते त्याआधीही माहीत होतंच. काही मुलांना तोंडातली संवेदना इतकी तीव्र जाणवते, की भातात एक मऊ वाटाण्याचा दाणा आला तरी ओकारी येते. काहींना ती इतकी कमी जाणवते, की झणझणीत, आंबट, अतिखारट किंवा बर्फासारखं गार काही मिळाल्याशिवाय तोंडात काही आहे असंच वाटत नाही. एकाच मुलात दोन्ही प्रकार असू शकतात.

ओढ नेमकी कशाची आहे हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे. मूल खारट आणि कुरकुरीत वस्तूसाठी अडून बसत असेल, तर एके दिवशी तेवढंच कुरकुरीत पण खारट नसलेलं काही त्याच्या पुढ्यात ठेवा: भाजलेला कडक पाव, सफरचंदाची फोड. दुसऱ्या दिवशी खारट पण मऊ काहीतरी ठेवा, उदाहरणार्थ मीठ लावलेला उकडलेला बटाटा. पहिल्याने समाधान झालं तर जबड्याला काम हवं आहे, दुसऱ्याने झालं तर चव हवी आहे. दोन्ही भिरकावलं तर ओढ त्या विशिष्ट वस्तूचीच आहे आणि त्याचं कारण वेगळं असतं, ते पुढे येईलच. ही चाचणी मूल शांत आणि थोडं भुकेलं असताना करा. आकांत सुरू झाल्यावर केली तर कशालाच उत्तर मिळणार नाही.

जबड्याला काम हवं असेल तर ते वेळेआधी द्या. रोज साडेचारला आकांत होत असेल तर कडक खाणं किंवा चावायची नळी चारला हातात पडली पाहिजे. चावायची वस्तू खास त्यासाठीच बनवलेली घ्या आणि ती फाटली-तुटली तर नाही ना हे रोज तपासा. दाट पेय नळीने ओढून पिणं हेही तोंडाला चांगलं काम आहे. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला कच्चं गाजर, अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं देऊ नका, घशात अडकतात. मोठं मूलसुद्धा गाल फुगेपर्यंत तोंडात कोंबत असेल तर बशीत एका वेळी दोनच घास ठेवा, मधे पाण्याचा घोट द्या आणि जेवताना त्याला एकटं सोडू नका. कोंबणं हा हावरटपणा नसतो. तोंड भरलंय हे त्या मुलाला उशिरा कळतं.

सारखेपणाची भूक

रोज तेच अन्न लागणं हे डीएसएम-५ मध्ये ऑटिझमच्या लक्षणांचं उदाहरण म्हणूनच दिलेलं आहे. "लाडाने बिघडवलाय" असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे एवढं एक वाक्य सांगावं, जास्त वाद घालू नये.

कारखान्यात बनलेलं बिस्किट दर वेळी सारखंच असतं: तोच आकार, तोच कुरकुरीतपणा, तोच वास. फळाचं तसं नाही. एक केळं गोड, दुसरं तुरट, तिसऱ्यावर काळा डाग. ज्या मुलाचा दिवस अनपेक्षित गोष्टींनी भरलेला असतो, ते खाण्यात तरी खात्री शोधतं. त्यामुळे शाळा बदलली, घर बदललं, घरात पाहुणे आले, बाबा गावाला गेले, की खाण्याची यादी आखडते आणि त्यातल्या एखाद्या वस्तूची मागणी एकदम वाढते. वहीत अशा तारखा ठळक दिसतील.

अशा काळात खात्रीचं अन्न काढून घेऊ नका. मी याबाबत फार कडक आहे. मुलाकडे खात्रीचे पाच-सहाच पदार्थ असतील तर ते जपा. त्यांत औषध मिसळू नका, भाजी लपवू नका, पाकिटात दुसऱ्या कंपनीची बिस्किटं भरून ठेवू नका. मुलाच्या जिभेला फरक कळतो, आणि एकदा विश्वास उडाला की तो पदार्थ कायमचा यादीतून जातो. पाकिटाचं डिझाइन बदलणार असेल तर जुनं रिकामं पाकीट जपून ठेवा, दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून दाखवा, मुलासमोर नवं फोडून जुन्यात ओता. लपवाछपवी नको म्हणून हे त्याच्या डोळ्यांदेखत करायचं.

भूकच कळत नसेल तर

पोट भरलं, पोट रिकामं झालं, तहान लागली, लघवीला आली, ही आतून येणारी जाणीव बऱ्याच ऑटिस्टिक मुलांना धूसर असते. अशी मुलं तासन्‌तास काही मागत नाहीत आणि मग एकदम कोसळतात. समोर पडेल ते फेकतात, आणि हाताला लागेल ते गोड खायला बसतात. आपल्याला वाटतं गोडाची चटक लागली. प्रत्यक्षात ते मूल दुपारपासून उपाशी असतं.

इथे उपाय घड्याळाचा आहे. दर अडीच-तीन तासांनी खाणं, मागो वा न मागो. त्यात अंडं, दही, कडधान्य असं प्रथिनांचं काहीतरी असावं, म्हणजे पुढच्या वेळेपर्यंत पोट दम धरतं. दिवसाचा क्रम चित्रांनी दाखवणारं वेळापत्रक असेल, त्यात पाण्याचं चित्र वेगळं लावा. शाळेचा डबा तसाच परत येत असेल तर शाळेतून आल्यानंतरच्या आकांताचं अर्धं कारण तिथेच सापडलं म्हणा.

दुखण्याकडे सगळ्यात आधी बघा

वागण्यात अचानक बदल झाला आणि त्याच सुमाराला खाणंही बदललं, तर थेरपीच्या आधी शरीर तपासून घ्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात ऑटिस्टिक मुलांमध्ये पोटाच्या तक्रारी इतर मुलांच्या चौपटीहून जास्त आणि बद्धकोष्ठता तिपटीहून जास्त आढळली. एवढं प्रमाण असताना ते तपासायचं राहून जातं, कारण मूल दुखतंय म्हणत नाही. ते सोफ्याच्या हातावर पोट दाबून लोंबकळतं, कमरेत वाकून उभं राहतं, रात्री उठून बसतं, स्वतःला मारून घेतं. काही मुलं सतत काहीतरी खात किंवा पीत राहतात, कारण गिळल्यावर छातीतली जळजळ थोडा वेळ कमी होते. आई म्हणते भस्म्या झालाय, आणि मुलाला असतं आम्लपित्त.

बद्धकोष्ठतेबद्दल थोडं जास्त सांगते, कारण ती सगळ्यात फसवी असते. रोज थोडी थोडी शी होत असली तरी आत खडा साठलेला असू शकतो. चड्डीला सतत पातळ डाग पडणं हे बरेचदा जुलाबाचं नाही, तर अडकलेल्या शीच्या कडेने झिरपणाऱ्या पाण्याचं लक्षण असतं. जुलाब समजून घरी औषध दिलं तर आणखी घट्ट होतं. बद्धकोष्ठता असलेलं मूल भाजी-फळं अजूनच टाळतं, जेवण अर्धवट सोडतं आणि तासाभराने पुन्हा मऊ, गोड, सोपं काहीतरी मागतं. दूध, पाव आणि बिस्किटं यांवर चाललेल्या दिवसात चोथा नसतोच, त्यामुळे हे चक्र फिरत राहतं. ते मोडायला बरेचदा डॉक्टरांनी दिलेलं शी मऊ करणारं औषध आठवडेच नव्हे, महिनेही घ्यावं लागतं. पहिल्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून थांबवू नका. जेवणानंतर दहा मिनिटं पायाखाली स्टूल घेऊन शौचाला बसवणं, हे चित्राच्या वेळापत्रकात घाला.

दात आणि हिरड्याही बघा. मूल एकाच बाजूने चावत असेल, नेहमीचं कडक खाणं सोडून एकदम मऊ किंवा गारच मागत असेल, गालावर थपडा मारत असेल, तर दातांच्या डॉक्टरांकडे जा. कान दुखतो तेव्हाही असंच होतं.

बर्फ, माती, कागद

जे अन्न नाही ते महिनाभर किंवा जास्त काळ खात राहणं याला पायका म्हणतात. ऑटिस्टिक मुलांत ते इतर मुलांपेक्षा जास्त दिसतं. माती, खडू, रंगाचे पोपडे, कापसाचे पुंजके, साबण. यामागे तोंडाची संवेदना असू शकते, सवय असू शकते, पण लोहाची कमतरता आधी तपासा. बर्फ कडाकड चावत राहण्याची ओढ लोहाच्या कमतरतेत हमखास ऐकायला मिळते आणि लोह भरून आलं की बहुधा जाते. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला सांगा, कारण साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन नंतर घसरतं. लोह कमी असेल तर झोपेत पाय झाडणं, किरकिर, लक्ष न लागणं हेही येतं, आणि ते सगळं ऑटिझमच्या खात्यावर जमा होऊन राहतं. दुधावरच राहणाऱ्या लहान मुलांत हे फार. दुधात लोह नगण्य असतं आणि पोट मात्र दुधानेच भरतं. दिवसाला ५०० ते ७०० मिलिलिटरच्या पुढे दूध जात असेल तर ते हळूहळू खाली आणा. भिंतीचे पोपडे किंवा माती खाणाऱ्या मुलाच्या रक्तातलं शिसंही तपासून घ्या.

बटणासारखी चपटी बॅटरी किंवा लोहचुंबकाचे मणी गिळल्याचा नुसता संशय आला तरी घरी वाट बघू नका, तत्काळ इस्पितळ गाठा. अन्ननलिकेत अडकलेली बॅटरी दोन तासांत गंभीर इजा करू शकते.

औषधाची वेळ आणि भुकेची वेळ

वहीत औषधाची वेळ लिहायला सांगितली ती याचसाठी. रिस्पेरिडोन आणि अरिपिप्राझोल ही चिडचिड आणि आक्रमकपणासाठी दिली जाणारी औषधं आहेत. ऑटिस्टिक मुलांतल्या या त्रासासाठी अमेरिकेत त्यांना अनुक्रमे २००६ आणि २००९ मध्ये मान्यता मिळाली. दोन्हींनी भूक वाढते, रिस्पेरिडोनने तर काही मुलांना अशी खा-खा सुटते की रात्री उठून फ्रिज उघडतात. फिट्‌ससाठीच्या व्हॅल्प्रोएटनेही वजन वाढतं. उलट, लक्ष लागावं म्हणून दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट दुपारची भूक मारतं, आणि संध्याकाळी त्याचा असर उतरला की राहिलेली सगळी भूक चिडचिडीसकट परत येते.

अशा भुकेला मुलाचा हट्ट समजून ओरडणं हा त्याच्यावर अन्याय आहे. औषध आपल्या मनाने बंदही करू नका. सुरू करण्याआधी वजन घ्या, नंतर दर महिन्याला घ्या आणि वहीतल्या वेळा डॉक्टरांपुढे ठेवा. डोस, वेळ किंवा औषध बदलणं त्यांच्या हातात असतं. मिथाइलफेनिडेट चालू असेल तर सकाळी औषधाआधी पोटभर नाश्ता आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी दुसरं पूर्ण जेवण, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

साखर, रंग आणि ग्लुटेन

साखरेने मुलं उधळतात, यावर जवळजवळ सगळ्यांचा विश्वास असतो. १९९५ साली या विषयावरच्या नियंत्रित प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण झालं, त्यात साखरेचा मुलांच्या वागण्यावर असा परिणाम दिसला नाही. १९९४ सालचा एक प्रयोग तर प्रत्येक पालकाला माहीत असावा. आपली मुलं साखरेने बिघडतात असं मानणाऱ्या आयांना त्यात घेतलं होतं. काहींना सांगितलं, मुलाला साखर दिली आहे. दिलं होतं सगळ्यांनाच साखर नसलेलं गोड पेय. ज्यांना साखर दिल्याचं सांगितलं होतं त्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली, आणि त्यांनी मुलांना जास्त टोकलंही. साखर कमी करण्याची कारणं दात, वजन आणि बद्धकोष्ठता ही आहेत, आणि ती पुरेशी आहेत. चॉकलेट आणि कोला यांच्याबाबत मात्र त्यातलं कॅफिन लक्षात घ्या. दुपारनंतर दिलं तर झोप जाते आणि दुसऱ्या दिवशीचं वागणं त्याची किंमत मोजतं.

कृत्रिम रंगांचं थोडं निराळं. २००७ साली ब्रिटनमध्ये झालेल्या अभ्यासात काही रंग आणि सोडियम बेंझोएट हे अन्न टिकवणारं रसायन यांच्या मिश्रणाने सर्वसाधारण मुलांतही चळवळेपणा किंचित वाढलेला दिसला. २०१० पासून युरोपीय संघात अशा सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो. रंग काढून टाकल्याने पोषणाचं काहीच नुकसान नाही, तेव्हा करून बघायला हरकत नाही. फक्त ज्या रंगीत वस्तूवर मुलाची भिस्त आहे ती एका झटक्यात बंद करू नका.

गहू आणि दूध बंद केलं की ऑटिझम सुधारतो, हा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी दिलाच असेल. गव्हातल्या ग्लुटेनपासून आणि दुधातल्या केसीनपासून मेंदूवर अफूसारखा परिणाम करणारे तुकडे बनतात आणि म्हणून मुलाला त्यांची ओढ लागते, अशी ती उपपत्ती आहे. २०१६ सालच्या एका काटेकोर प्रयोगात १४ मुलांना आधी या आहारावर ठेवलं, मग आईबापांना किंवा निरीक्षकांना कळू न देता कधी ग्लुटेन, कधी केसीन, कधी दोन्ही, कधी काहीच नसलेला खाऊ दिला. वागण्यात, झोपेत, शौचात फरक दिसला नाही. प्रयोग छोटा होता, पण इतर अभ्यासांतूनही भक्कम पुरावा पुढे आलेला नाही. दूध तोडलेल्या मुलांची हाडं पातळ असल्याची नोंद मात्र झालेली आहे. ज्या मुलाचा सगळा आहारच पाव आणि दुधावर उभा आहे, त्याच्या ताटातून हे दोन्ही काढल्यावर उरतं काय, हा प्रश्न सल्ला देणारे विचारत नाहीत.

खरोखरची ॲलर्जी, दूध न पचणं, सिलिॲक (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणं) हे आजार ऑटिस्टिक मुलालाही होऊ शकतात. तशी शंका असेल तर सिलिॲकची तपासणी गहू चालू असतानाच करा. बंद केल्यावर आजार असूनही तो तपासणीत दिसणार नाही असं होऊ शकतं.

बदल करायचा तो असा

दुखणं, लोह, औषध यांचा निकाल लागला, आणि तरीही एखाद्या पदार्थाने बाकी सगळ्या खाण्याला बाजूला सारलं असेल, तर मग हळू हात घाला. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वही चालू ठेवा. आहार, औषध आणि शाळेची वेळ एकाच आठवड्यात बदलली तर कशाने काय झालं हे कोणालाच सांगता येणार नाही.

ओढीच्या पदार्थाला नकार देण्यापेक्षा जागा आणि वेळ द्या. दिवसाच्या चित्रपट्टीवर बिस्किटांचं चित्र दोन ठिकाणी लावा, म्हणजे "नाही" ऐकण्याऐवजी मुलाला "केव्हा" ते दिसतं. रोजचा वाटा सकाळीच पारदर्शक डब्यात काढून ठेवा. डबा रिकामा झाला की संपलं, हे डोळ्यांना पटतं. बाकीचं पाकीट नजरेआड हवं. काचेच्या कपाटात ठेवून "मागू नकोस" म्हणणं कोणत्याच मुलाला झेपणारं नाही. सुरुवातीला मागणी आणि आकांत काही दिवस वाढतो. याची तयारी घरातल्या सगळ्यांनी आधीच करावी, कारण तिसऱ्या दिवशी एकाने हार मानून पाकीट दिलं तर मूल एवढंच शिकतं की जास्त वेळ ओरडावं लागतं.

नवा पदार्थ आणायचा तर जुन्याच्या पाठीवरून आणा. माझा मुलगा बटाट्याच्या वेफर्सवरून घरी तळलेल्या पातळ चकत्यांवर आला, मग त्याच चकत्या थोड्या जाड, मग भाजलेल्या, मग भाजलेल्या फोडी, आणि शेवटी मीठ लावलेला उकडलेला बटाटा. मधल्या दोन पायऱ्यांवर तो बराच काळ अडला होता, तेव्हा तिथेच थांबलो. आकार, चव, रंग यांतलं एका वेळी एकच बदलायचं. नवा तुकडा वेगळ्या छोट्या बशीत ठेवा, खाण्याची सक्ती करू नका. बघणं, बोट लावणं, वास घेणं, ओठाला लावणं, चाटून थुंकून टाकणं, हीसुद्धा प्रगतीच आहे. कागदी रुमाल शेजारी ठेवून थुंकायची मुभा दिली की काही मुलं धीर करून तोंडात घालतात. इतर मुलांनासुद्धा नवी चव पटायला दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते, आपल्या मुलांना त्याहून जास्त.

थेरपीत किंवा शाळेत प्रत्येक कामानंतर चॉकलेट-वेफर्स बक्षीस देतात का, ते विचारा. दिवसभर गोड-खारट तुकडे मिळत राहिले तर जेवणाच्या वेळी भूक नसते आणि ओढ मात्र पक्की होते. बुडबुडे, झोका, आवडतं गाणं, पाठीवर दाब, असं दुसरं बक्षीस शोधायला त्यांना मदत करा.

आकांत सुरू झालाच तर त्या वेळी शिकवू नका. बोलणं कमी करा, दिवा मंद करा, इतरांना बाहेर काढा, टोकदार वस्तू उचला आणि जवळ पण अंगचटीला न येता थांबा. शांत झाल्यावर पाणी आणि खात्रीचं काहीतरी खायला द्या. ते दिल्याने मूल बिघडत नाही, दमलेल्या शरीराला त्याची गरज असते.

ही लक्षणं दिसली तर डॉक्टरांकडे जायला थांबू नका

वजन घटणं किंवा उंची-वजनाची रेषा खाली वळणं. खात्रीचे पदार्थ एकेक करून गळत जाणं आणि नवे न येणं. खूप तहान, वारंवार लघवी आणि वजनात घट एकत्र दिसली तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा. लंगडणं, चालायला नकार, पाय दुखणं, हिरड्यांतून रक्त, ही लक्षणं फळं-भाजी अजिबात न खाणाऱ्या मुलात दिसली तर डॉक्टरांना आहाराबद्दल स्वतःहून सांगा. ही स्कर्व्हीची, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या कमतरतेची लक्षणं आहेत, आणि मर्यादित आहाराच्या ऑटिस्टिक मुलांत ती आढळलेली आहेत. नाहीतर आधी हाडांचे आणि रक्ताचे मोठे आजार शोधण्यात दिवस जातात. कमी उजेडात धडपडायला लागणं हे अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे असू शकतं. कितीही खाल्लं तरी पोट न भरणं, कचऱ्यातलं किंवा चोरून खाणं, त्याच्या जोडीला लहानपणी अंगात ढिलेपणा आणि दूध ओढता न येणं असा इतिहास असेल तर प्रॅडर-विली या जनुकीय स्थितीची तपासणी करावी लागते. ती १५व्या गुणसूत्राशी निगडित असते आणि अशा मुलांत ऑटिझमही आढळतो.

डॉक्टरांकडे जाताना वहीचा आठवड्याचा गोषवारा एका पानावर काढून न्या आणि आकांताचा एखाद्या मिनिटाचा व्हिडिओ दाखवा. तपासणीच्या खोलीत मूल बहुधा वेगळंच वागतं.

शाळा, थेरपी, आजी-आजोबा आणि सांभाळणाऱ्या ताई, या सगळ्यांकडे एकच कागद असू द्या. खात्रीचे पदार्थ कोणते, घशात काय अडकतं, कशाची ॲलर्जी आहे, औषध केव्हा, खाणं केव्हा, आकांताआधी शरीर काय सांगतं (आमच्याकडे ओली कॉलर), त्या वेळी हातात काय द्यायचं, आणि बक्षीस म्हणून काय द्यायचं नाही. वर तारीख घाला. औषध बदललं, दात पडला, वर्ग बदलला की जुना कागद मागून घ्या आणि नवा द्या.